हौशी ऑडिओ मेळावा: मांडामांडीपासून आवराआवरीपर्यंत

शुक्रवार, मांडामांडीचा दिवस

मेळावा शनिवार-रविवार असला तरी ज्यांना स्वतः बनवलेलं काही वाजवायचंय त्यांनी आदल्या दिवशीच पोचायचं असतं, म्हणून पहाटे अंधारातच निघालो. गाडीच्या मागच्या सीट पाडून माझे दोन्ही स्पीकर जुन्या चादरींत गुंडाळून आडवे ठेवले होते आणि मित्राचा, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालून सिग्नल मोठा करणारा ट्यूब अ‍ॅम्प त्याच्या पायाशी, कारण ट्रान्सफॉर्मरचं वजन एवढं असतं की मागे ठेवला आणि एक जोरात धक्का बसला तर चासीच, म्हणजे धातूची चौकटच, वाकायची. ट्यूबा काढून वेगळ्या डब्यात, प्रत्येक फोममध्ये. तो डबा त्याने पूर्ण प्रवासात हातातून खाली ठेवला नाही.

प्रवासाबद्दल जास्त लिहीत नाही, गप्पा मारत पोचलो. पोचल्यावर काय झालं ते सांगायचंय. गाडी थांबली, मी डिकी उघडली आणि नाव-गाव विचारायच्या आधीच एका मुलाने स्पीकरचं दुसरं टोक धरलं. "दादा, तुम्ही मागे चला, मी पुढे बघतो, पायऱ्या सात आहेत." पायऱ्या खरंच सात होत्या, त्याने सकाळपासून एवढ्या वेळा चढ-उतार केली होती की त्याला बघायची गरज नव्हती. स्पीकर खोलीत ठेवला, त्याने कागदावर खूण केली आणि दुसऱ्या गाडीकडे पळाला. धन्यवाद म्हणायला तोंड उघडलं तोवर गेलेला.

वर्गखोल्यांची इमारत होती, प्रत्येक खोलीत एक-दोन सिस्टिम. दुपारभर मी बघत होतो ते एका ताईंचं काम. त्या गुडघ्यावर बसून केबल चिकटवत होत्या, आणि ते काम किती विचार करून चाललंय हे जवळ जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. पॉवरची वायर आणि सिग्नलची वायर शेजारी शेजारी समांतर न्यायची नाही, मेन्सची घरघर सिग्नलमध्ये शिरते, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडायचं. टेप आधी मधोमध दाबायची, मग अंगठ्याने दोन्ही कडांकडे, म्हणजे खाली हवा राहत नाही आणि कुणाचा पाय अडकत नाही. टेपही कापडी घ्यायची, कारण साधी चिकटपट्टी काढताना वायरवर गोंद सोडते. दोन दिवसांत शेकडो माणसं त्या वायरींवरून गेली, कुणीही अडखळून पडलं नाही, आणि कुणी पडलं नाही म्हणून कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. मला वाटतं अशा कामाचे आभार मुद्दाम, काम नावानिशी सांगून मानले पाहिजेत, एरवी ते कुणाच्या खातीच जमा होत नाही.

त्यांच्याकडेच एक तक्ता होता, कुठल्या खोलीत किती लोड. क्लास ए अ‍ॅम्प गाणं वाजो न वाजो करंट साधारण सारखाच ओढतो आणि बराचसा उष्णतेत घालवतो, त्यामुळे असे तीन-चार अ‍ॅम्प एकाच लाइनवर आले तर ब्रेकर पडणारच. म्हणून त्यांनी ते आधीच वेगवेगळ्या खोल्यांत वाटले होते.

संध्याकाळी मित्राच्या सिस्टिमला घरघर लागली. सगळं जोडलं, व्हॉल्यूम शून्यावर, तरी घ्‌र्‌र चालूच. त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात तांत्रिक मदतीवाले एक दादा आले, त्यांनी कुठल्याही वस्तूवर बोट न ठेवता आधी सगळे इनपुट काढायला लावले. घरघर बंद. मग एकेक परत जोडत गेले. टर्नटेबल, ठीक. डॅक, म्हणजे डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डबा, ठीक. लॅपटॉप जोडला की सुरू, पण लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगला होता, म्हणजे अर्थिंगला दोन रस्ते मिळून मधे लूप तयार झालेला. शेजारून कुणीतरी म्हणालं की प्लगची अर्थची पिन काढून टाका, घरघर जाईल. दादा एकदम ठाम: "नाही. जाईल घरघर, पण मग बॉडीला करंट आला तर माणूस जाईल." सगळं एकाच बोर्डवर घेतलं, सिग्नलच्या लाइनमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारेची थेट जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे देणारा, टाकला, आणि शांत. पुढची दहा मिनिटं ते तिथेच थांबले, मित्राला लूप कसा बनतो ते कागदावर काढून दाखवलं. अशी माणसं त्या इमारतीत रात्री उशिरापर्यंत फिरत होती.

शनिवार

सकाळी माझी ड्यूटी होती. येणाऱ्यांनाही एक-दोन तास काहीतरी काम घेता येतं आणि मी खोलीची राखण घेतली होती, म्हणजे दारात उभं राहून गाणं मधेच असेल तर माणसं थांबवायची, खुर्च्या भरल्या की सांगायचं, आवाज किती आहे ते मीटरवर बघायचं. हे शेवटचं काम मला आधी किरकोळ वाटायचं, पण आता ते फार महत्त्वाचं वाटतं. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कानांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २. ऐकणारा अर्ध्या तासात उठून जातो, पण राखण करणारा तिथेच असतो. म्हणून राखणीवाल्यांच्या पाळ्या ठरवून बदलल्या जात होत्या आणि प्रत्येकाला इअरप्लग दिलेले. जी माणसं दुसऱ्यांच्या कानांसाठी राबतात त्यांच्या कानांचा विचार कुणीतरी केला होता, हे बघून खरंच बरं वाटलं.

त्याच खोलीत आधीच्या पाळीला असलेल्या काकांनी खुर्च्यांची मागची ओळ भिंतीपासून मीटरभर पुढे ओढून ठेवली होती. खोली साधारण ६ मीटर लांब. एवढ्या लांबीत २९ हर्ट्झच्या आसपास आणि मग ५७ च्या आसपास आवाजाच्या लाटा अडकतात आणि भिंतीला चिकटून बसलेल्याला बास नुसता भसाभसा ऐकू येतो. मागे बसलेल्यांना वाटलं असतं की स्पीकरच वाईट. ज्याने वर्षभर खपून ते स्पीकर बनवले होते त्याला हे कधी कळलंही नसतं, काकांनी स्वतःहून केलं आणि मला फक्त एवढंच सांगून गेले की "खुर्च्या मागे सरकू देऊ नका."

दुपारी तुलनेचा कार्यक्रम. दोन अ‍ॅम्प, तेच स्पीकर, पडद्यामागे. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला तो आवाज सारखा करण्यात, कारण जे किंचित मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, अगदी फरक जाणवला नाही तरी. त्यासाठी एक टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजून ०.१ डेसिबलपर्यंत जुळवलं. मोजणारी मुलगी कॉलेजातली असेल, मीटरचे दोन प्रोब धरून जमिनीवर बसलेली, आणि शंभर माणसं तिच्याकडे बघतायत. कुणीही घाई केली नाही. जुळल्यावर तिने नुसता अंगठा वर केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अजून एकही सूर वाजला नव्हता तरी.

मग माझे स्पीकर. त्याबद्दल स्वतःच काय लिहिणार, लोक ऐकून गेले, काहींनी छान प्रश्न विचारले, एकाने क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, कुठला म्हणून विचारलं तेव्हा मी लिंकविट्झ-रायली म्हणालो आणि तिथून गप्पा ज्या सुरू झाल्या त्या वेळ संपेपर्यंत. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली दोघे ह्युलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची यंत्रं बनवणारे इंजिनिअर, स्पीकर हा त्यांचा फावल्या वेळातला उद्योग, आणि १९७६ च्या लिंकविट्झच्या लेखातून आलेला हा क्रॉसओव्हर आज आपण सगळे वापरतो. वूफर आणि ट्वीटर दोन्ही जोडणीच्या फ्रिक्वेन्सीला ६ डेसिबल खाली येतात आणि एकत्र झाले की बेरीज सपाट. लिंकविट्झ २०१८ साली गेले, पण त्यांनी आपल्या डिझाइनमागचा सगळा विचार हौशी लोकांसाठी उघडा ठेवला. तसंच नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल. थीलचा स्पीकरच्या खोक्यांवरचा लेख १९६१ चा, ऑस्ट्रेलियातला, तो बाहेरच्या जगाने नीट वाचला ते १९७१ मध्ये पुन्हा छापल्यावर, आणि स्मॉलने पुढे १९७० च्या दशकात ते काम पूर्णत्वाला नेलं. आज कुठल्याही ड्रायव्हरच्या, म्हणजे वूफरसारख्या सुट्या भागाच्या, कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे त्याचा स्वभाव सांगणारे आकडे असतात आणि त्यावरून घरी बसून खोक्याचं माप काढता येतं, ते या दोघांमुळे. आणि नेल्सन पास, स्वतः अ‍ॅम्प विकण्याचा धंदा करणारा माणूस, पण आपली सर्किटं हौशी लोकांना बनवायला खुली देतो. त्या इमारतीत किमान निम्म्या खोल्यांत यांच्यापैकी कुणाचं तरी काम वाजत होतं. आपल्याला हे सगळं फुकट मिळालंय, हे कुणीतरी मोठ्याने बोललं आणि सगळे क्षणभर गप्प झाले, कारण ते खरंच आहे.

संध्याकाळी सोल्डरिंगच्या टेबलावर गेलो. तिथे एक काका लहान मुलांना छोटा हेडफोन अ‍ॅम्प जोडायला शिकवत होते. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून ते थेंबासारखं जोडावर सोडत होती आणि ते चिकटत नव्हतं. काकांनी तिच्या हातातलं काही घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "आधी जोड तापव बाळा, मनात तीनपर्यंत मोज, मग सोल्डर जोडाला लाव, आयर्नला नको." तिने केलं. सोल्डर पायाभोवती सरकन पसरलं आणि चकचकीत झालं. तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि पुढचे सगळे जोड एकटीने केले. रेझिस्टरचे पट्टेही पाठ झाले होते तिला, तपकिरी काळा लाल म्हणजे १ किलोओहम, आजूबाजूच्या मोठ्यांना सांगत होती. निघताना काकांनी तिला हात धुवायला पाठवलं, सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून, आणि परत आल्यावर ती म्हणाली, "थँक्यू काका, उद्या पण येऊ?" काका दिवसभर उभे होते, पाय दुखत असणार, पण म्हणाले ये की, दहा वाजता ये.

रविवार

सकाळी लवकर मोकळ्या मैदानात मोजमाप होतं. ज्यांना आपल्या स्पीकरचा खरा ग्राफ हवा होता ते स्पीकर घेऊन रांगेत. खोलीत मोजलं की भिंतींचे पडसाद मिसळतात, म्हणून बाहेर भिंतींपासून लांब, टणक जमिनीवर माइक आडवा ठेवून मोजायचं, तसं केलं की जमिनीवरून येणारा आवाज थेट आवाजातच मिसळतो आणि वाचन ६ डेसिबल जास्त येतं, ते नंतर वजा करायचं. एक काका एकटे हे सगळं करत होते, प्रत्येक स्पीकर, आणि वारा आला की थांबायचं, पाखरं ओरडली की परत घ्यायचं. एकालाही त्यांनी "पुरे झालं" म्हटलं नाही.

मोठ्या हॉलमध्ये हॉर्न, म्हणजे भोंग्याच्या आकाराचे स्पीकर, लावले होते. साधारण १०५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे १ वॅटला मीटरभर अंतरावर एवढा आवाज, आणि त्यांना चालवत होता ३००बी ट्यूबचा सिंगल एंडेड अ‍ॅम्प, जेमतेम ८ वॅटचा. हा ट्यूबचा प्रकार १९३८ चा, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा. ८५ डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी शंभरपट पॉवर लागली असती. आवाज कसा होता ते शब्दांत नीट येत नाही, गायिका श्वास घेते तो समोरून ऐकू येतो एवढंच सांगतो. हॉर्न चार जणांनी तीन जिने चढवून आणले होते. गाणं संपल्यावर बनवणाऱ्याने आधी त्या चौघांना उभं केलं, मग हॉर्नबद्दल बोलला.

पण रविवारचं माझ्या मनात राहिलेलं म्हणजे सुट्या भागांचं टेबल. जे आपल्याला लागत नाही ते तिथे ठेवायचं, ज्याला लागेल त्याने न्यायचं. एक काकू मुलीबरोबर पुठ्ठ्याचे खोके घेऊन आल्या. त्यांचे यजमान ट्यूब अ‍ॅम्प बनवायचे, आता ते नाहीत. खोक्यांत ट्यूबा होत्या, ओळीने लावलेल्या, आणि प्रत्येकीला रबरबँडने कागदाची चिठ्ठी, बारीक अक्षरात. ईएल३४ च्या दोघींवर "जुळलेली जोडी, ३८ आणि ३९ मिलिअँप". एका १२एएक्स७ वर "घरघर करते, फोनोला नको, पुढच्या स्टेजला चालेल" (फोनो म्हणजे रेकॉर्डचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग). एका ६एसएन७ वर नुसतं "ही छान आहे". काकू म्हणाल्या, "ह्यांनी सगळं लिहून ठेवलंय, पण मला त्यातलं काही कळत नाही, म्हटलं कळणाऱ्यांकडे जाऊ दे."

टेबलावरची मुलगी, व्हॉलंटियरच, तिने असं काही केलं जे कुणी तिला सांगितलं नव्हतं. वही घेतली आणि जो ट्यूब नेईल त्याला तीन गोष्टी लिहायला लावल्या, कुठली ट्यूब, कशात लावणार आणि झाल्यावर फोटो पाठवणार का. चिठ्ठी ट्यूबबरोबरच द्यायची, काढायची नाही. लोकांनी रांग लावली. एकाने घरघर करणारी मुद्दाम मागून घेतली, लाइन स्टेजमध्ये लावतो म्हणाला. कुणी ओरबाडलं नाही, दोन-दोन घेतल्या नाहीत. काकू खुर्चीवर बसून प्रत्येकाचं लिहून झालं की वाचत होत्या. त्या रांगेतल्या बऱ्याच जणांनी, मी धरून, त्यांना आणि त्यांच्या यजमानांना दोघांनाही धन्यवाद दिले.

दुपारी समारोप. भाषणं नव्हती, ते फार चांगलं केलं. सूत्रसंचालकाने कामांची नावं घेतली. पायऱ्यांवरची माणसं. केबल. खोल्यांची राखण. सोल्डरिंग. मैदानातलं मोजमाप. पार्किंग. स्वच्छतागृहांची सफाई करणारे इमारतीचे कर्मचारी, ज्यांनी दोन दिवस जास्तीचे तास दिले. ज्या त्या कामातली माणसं उभी राहायची आणि टाळ्या. सफाईवाल्यांसाठी सगळ्यात जास्त वेळ वाजल्या. मग उलटं झालं, केबलवाल्या ताईंनी माइक मागितला आणि येणाऱ्यांचे आभार मानले, की तुम्ही लोकांनी दारात ताटकळलात पण गाणं मधेच तोडलं नाहीत, एकमेकांच्या स्पीकरला नावं ठेवली नाहीत, आणि म्हणून आम्हाला काम करावंसं वाटलं. हे ऐकून मला भरून आलं, लपवत नाही.

आवराआवरीला बरेच जण थांबले, आम्ही पण. ट्यूब अ‍ॅम्प बंद केले तरी कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट काही वेळ राहू शकतात, म्हणून ते शेवटी उचलायचे असं ठरलेलं, तोवर खुर्च्या, टेप, बोर्ड. टेप काढतानाही ताईंची पद्धत, हळू आणि मागे दुमडून, म्हणजे फरशीचा रंग निघत नाही. इमारत जशी मिळाली तशीच परत द्यायची, तरच पुढच्या वर्षी मिळते. रात्री गाडी भरायला तोच सात पायऱ्यांवाला मुलगा आला. यावेळी मी त्याला थांबवून नीट धन्यवाद दिले, हात हातात घेऊन. तो लाजला आणि म्हणाला, दादा तुमच्या स्पीकरवर मी शनिवारी शेवटच्या ओळीत उभा राहून ऐकलं होतं.

सोमवार आणि पुढे

सोमवारी अंग दुखत होतं आणि फोनवर निरोप येत होते. नुसते "मजा आली" असे नव्हते, ते छान होतं. कुणी लिहिलं की दारातल्या काकूंनी माझ्या बाबांना रांगेतून बाजूला घेऊन खुर्ची दिली. कुणी लिहिलं की पहिल्यांदाच आलो होतो, एकही शब्द कळत नव्हता, कुणी हसलं नाही. सोल्डरिंगवाल्या मुलीच्या आईने फोटो टाकला, अ‍ॅम्प चालू, हेडफोन डोक्यापेक्षा मोठा. मीही बसून लिहिलं, एकेकाला वेगळं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर देणाऱ्या दादांना मित्राने परत पाठवला तर त्यांनी घेतला नाही, पुढच्या कुणालातरी लागेल तेव्हा दे म्हणाले.

ट्यूबांचे फोटोही हळूहळू येतायत. वहीवाली मुलगी ते गोळा करून काकूंना पाठवते. परवा ईएल३४ च्या जोडीचा आला, चालू अ‍ॅम्पमध्ये, आणि चिठ्ठी चासीच्या तळाला आतून पारदर्शक टेपने चिकटवलेली.

बुधवारी मैदानातल्या काकांनी प्रत्येकाला आपापली मोजमापाची फाइल पाठवली, सोबत दोन-दोन ओळी. माझ्यात लिहिलं होतं की २.२ किलोहर्ट्झला छोटा खड्डा आहे, ट्वीटर उलटा जोडून बघितला तर खड्डा अजून खोल होतो, म्हणजे फेज, वूफर-ट्वीटरच्या लाटांचा मेळ, बरोबर आहे, नुसती ट्वीटरची लेव्हल दीड डेसिबल कमी पडतेय, ट्वीटरच्या मालिकेतला रेझिस्टर थोडा लहान करा. एवढं सगळं त्यांनी इतक्या माणसांसाठी केलंय. मी रेझिस्टर बदलला, खड्डा भरला, नवा ग्राफ त्यांना पाठवला आणि मनापासून आभार लिहिले. त्यांचं उत्तर आलं की क्रॉसओव्हरचं ड्रॉइंग सगळ्यांना दिलं तर चालेल का, दोघेजण तोच ड्रायव्हर वापरून खोकं बनवतायत. चालेल का काय, त्याच संध्याकाळी साफ काढून, भागांच्या व्हॅल्यू आणि वायरिंगसकट, पाठवून दिलं.